गाडी का तापते? काट्यापासून कारणापर्यंत – निदानाचा एक पाठ



डी.एड.ला असताना आपण सगळ्यांनीच ‘नैदानिक चाचणी’ आणि ‘उपचारात्मक अध्यापन’ हे दोन शब्द पाठ केले आहेत. मीही केले, परीक्षेत लिहिले आणि गुणही मिळवले. पण निदान म्हणजे नेमकं काय, हे मला नीट समजलं ते माझ्या धाकट्या भावाच्या गाडीमुळे. आजचा लेख त्या गाडीवर आहे. गाडी चालवत नसाल तरी वाचा. यात पाचवीपासून पुढच्या वर्गात घेता येतील अशा दोन-तीन कृती आहेत आणि प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवी अशी एक धोक्याची सूचनाही आहे.

काय घडलं?

भावाने दहा वर्षं जुनी पेट्रोल गाडी विकत घेतली आणि हौसेने मॉडिफाय केली. बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. पुढे लोखंडी गार्ड लावला, त्यावर दोन मोठे दिवे चढवले. जुना रेडिएटरचा पंखा आवाज करत होता, म्हणून त्याच वेळी तोही बदलून घेतला. गाडी दिसायला झकास झाली.

मे महिन्यात लग्नाच्या खरेदीसाठी आम्ही बदलापूरहून उल्हासनगरला निघालो. कल्याण-बदलापूर रस्त्याची रविवारची गर्दी तुम्हाला सांगायला नको. अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्याजवळ गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. तापमानाचा काटा वर चढत चढत लाल रेषेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. भावाने गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि हातात फडकं घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवायला गेला. माझी चौथीतली मुलगी त्याच्या शेजारीच उभी होती. तेवढ्यात मागून एक रिक्षावाले दादा जोरात ओरडले, “अहो, हात लावू नका! पोरीला मागे घ्या आधी!”

त्या दिवशी ते ओरडले नसते तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

पुढच्या महिन्याभरात भावाने दोन गॅरेज पालथी घातली. एकाने थर्मोस्टॅट काढूनच टाकला, “आपल्याकडच्या हवेला लागत नाही” म्हणाला. दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. पैसे गेले, गाडी तापायची ती तापतच राहिली.

आधी थोडं विज्ञान

इंजिनात इंधन जळतं तेव्हा त्यातल्या उष्णतेचा काही भागच गाडी पळवायला वापरला जातो. बरीचशी धुरातून बाहेर जाते आणि मोठा वाटा इंजिनाभोवती फिरणारं कूलंट उचलून रेडिएटरकडे नेतं. रेडिएटरचं काम मुलांना सांगताना मी बशीचं उदाहरण देते. कपातला चहा बशीत ओतला की लवकर निवतो, कारण तो पसरतो आणि त्याला जास्त हवा लागते. रेडिएटरही तेच करतो. गरम पाणी अनेक पातळ नळ्यांत पसरवतो. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, थांबली की पंखा वारा घालतो.

थर्मोस्टॅट ही तापमानानुसार उघडणारी झडप. बहुतेक गाड्यांत ती 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडते. इंजिन गार असताना ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर योग्य तापमानाला येतं. ती काढून टाकली तर इंजिन नीट गरमच होत नाही. सीएनजी गाडीत त्याचा आणखी एक तोटा असतो. टाकीतला सुमारे 200 बार दाबाचा गॅस रिड्यूसरमध्ये एकदम सैल होतो, तेव्हा तो खूप गार पडतो. म्हणून रिड्यूसरला इंजिनाचंच गरम कूलंट पुरवलेलं असतं. ते पुरेसं तापल्याशिवाय आधुनिक किट पेट्रोलवरून गॅसवर जात नाही. भाऊ म्हणत होता, “पेट्रोल जास्त लागायला लागलंय.” ते यामुळेच.

आता झाकण. रेडिएटर म्हणजे प्रेशर कुकरच समजा. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांना उकळतं. रेडिएटरचं झाकण साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास पोचलं तरी उकळत नाही. निम्मं इथिलीन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी असेल तर उकळबिंदू याहूनही वर जातो. झाकण उघडताक्षणी दाब जातो आणि ते अतितप्त पाणी वाफ होऊन तोंडावर उसळतं. कुकरची वाफ गेल्याशिवाय आपण झाकण काढतो का? मग इथे का काढायचं?

निदानाच्या पायऱ्या

शेवटी अंबरनाथमधल्या एका वयस्कर मेकॅनिक काकांकडे गाडी नेली. त्यांनी पान्ह्याला हातच लावला नाही. आधी विचारलं, “तापते कधी?” त्या एका प्रश्नाने मी, शिक्षक असूनही, खजील झाले. काट्याने फक्त गाडी तापली एवढंच सांगितलं होतं. का तापली ते शोधायला ‘कधी’ विचारावं लागतं. काकांच्या बोलण्यावरून मी ही टिपणं केली आहेत.

1) कधी तापते, ते लिहा.

- ट्रॅफिकमध्ये तापते, मोकळ्या रस्त्यावर उतरते : हवा कमी पडते आहे. पंखा, त्याचा फ्यूज, रिले आणि वायरिंग बघा.
- वेगात किंवा चढावर तापते, हळू चालवली की ठीक : रेडिएटरची ताकद किंवा पाण्याचा प्रवाह कमी पडतो आहे. आत क्षार, बाहेर चिखल, वॉटर पंप बघा.
- सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते : थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असेल, कूलंट फार कमी असेल किंवा नळ्यांत हवा अडकली असेल.
- फक्त गॅसवर तापते, पेट्रोलवर नाही : किटचं ट्युनिंग, म्हणजे गॅस आणि हवेचं मिश्रण तपासा.
- फक्त एसी लावल्यावर तापते : एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढेच असतो. दोन्हींच्या मधे साचलेला कचरा आणि पंखा बघा.

2) गार इंजिनावर कूलंटची पातळी बघा. टाकीवर किमान आणि कमाल अशा दोन खुणा असतात. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती आहे. बाहेरून किट बसवलेल्या गाडीत रिड्यूसरकडे जाणाऱ्या नळ्या मूळ पाइप कापून जोडलेल्या असतात. त्या जोडांवर वाळलेले पांढरट किंवा रंगीत डाग दिसतात का, ते आधी बघा.

3) आकडा खरा आहे का? बऱ्याच गाड्यांत काटा मोठ्या पट्ट्यात मधोमधच स्थिर राहतो आणि उशिरा हलतो. स्कॅनर लावला की खरं तापमान अंशांत दिसतं.

4) काय काय बदललं आहे, त्याची यादी करा. मॉडिफाय केलेल्या गाडीत ही पायरी सगळ्यात महत्त्वाची. दिवे, गार्ड, किट, पंखा, काहीही वगळू नका. कुठली गोष्ट उष्णता वाढवते आणि कुठली हवा अडवते, ते त्या यादीसमोर लिहा.

5) एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला ते कळतच नाही.

6) वरचं सगळं ठीक निघालं तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. टाकीत सतत बुडबुडे, ऑइल दुधी होणं, पांढरा धूर ही त्याची लक्षणं. हे काम मेकॅनिकचंच.

मग आमच्या गाडीत काय निघालं?

बदलापूर-कर्जत रस्त्यावर, गर्दी नसताना, काटा कधीच वर गेला नव्हता. म्हणजे पहिलाच प्रकार, हवा कमी. पण भाऊ म्हणाला, “काका, पंखा तर फिरतोय. दोन्ही गॅरेजवाल्यांनी बघितलाय.”

काकांनी पंखा सुरू असताना वहीचा एक कागद पुढच्या जाळीसमोर धरला. कागद जाळीला चिकटायला हवा होता. तो उलट बाहेर फडफडला! नवीन पंखा बसवताना दोन वायरींची अदलाबदल झाली होती आणि पंखा उलटा फिरत होता. हवा आत ओढण्याऐवजी तो इंजिनाकडची गरम हवाच पुढे ढकलत होता. गाडी वेगात असली की समोरचा वारा त्याच्यावर मात करायचा. सिग्नलला थांबली की सगळा उलटा कारभार.

माझी मुलगी लगेच म्हणाली, “मी सांगितलं होतं ना, गाडी थांबली की एसी गरम हवा देतो!” खरंच, तिने दोनदा सांगितलं होतं. कंडेन्सरवरही तीच गरम हवा जात होती. तिचं निरीक्षण अचूक होतं. आम्ही मोठ्यांनी ते कानावरच घेतलं नाही.

वायरी सरळ केल्या, नवीन थर्मोस्टॅट बसवला, नळाच्या पाण्याऐवजी योग्य कूलंट भरलं. गार्ड आणि दिवेही उतरवले. असे गार्ड मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार बेकायदा आहेत, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. सीएनजी किटचीही नोंद आरसी बुकावर लागते. तुमच्या मुलांच्या स्कूल व्हॅनला किट असेल, तर आरसीवरची नोंद आणि सिलिंडरच्या तपासणीची तारीख विचारायला संकोच करू नका.

वर्गात घ्यायच्या कृती

*कृती 1 :* कोमट पाणी एका पेल्यात आणि तेवढंच एका ताटात घ्या. दर दोन मिनिटांनी तापमानाची नोंद. नंतर ताटावर पुठ्ठ्याने वारा घालून पुन्हा नोंद.

*कृती 2 :* खेळण्यातली छोटी मोटर, सेल आणि प्लॅस्टिकचं पातं घ्या. समोर कागदाची पट्टी धरा. सेलच्या वायरी उलट करा. पट्टी आता कुठे हलते? मुलांना कारण आधी सांगू नका.

*कृती 3 :* ‘कधी तापते?’ ही यादी फळ्यावर लिहा. तुम्ही गाडीवाले व्हा, मुलं मेकॅनिक. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायची मुभा द्या.

पालकांसाठी सूचना

- काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करा, सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. मुलांना गाडीपासून लांब, रहदारीच्या आतल्या बाजूला उभं करा.
- झाकणाला हात लावू नका. इंजिन पूर्ण गार व्हायला अर्धा-पाऊण तास, कधी जास्तही लागतो.
- इंजिन बंद असलं तरी पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. हात आणि ओढणी दूर ठेवा.
- उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही ठेवू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं. मूळ डब्यातच, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

समारोप

माझ्या वर्गात एक मुलगा घडाघडा वाचायचा. गणितातली शाब्दिक उदाहरणं मात्र सगळी चुकायची. मी त्याला पाढे पाठ करायला लावत होते, बेरीज-वजाबाकीच्या जादा वह्या भरून घेत होते. पंखा फिरतोय हे बघून गॅरेजवाल्यांनी जसं पुढे पाहिलं, तसंच मी त्याचं वाचन ऐकून पुढे गेले होते. त्या कागदाच्या प्रसंगानंतर मी त्याला एक उदाहरण वाचायला दिलं आणि विचारलं, “यात काय घडलं, ते मला गोष्टीसारखं सांग.” त्याला सांगता येईना. शब्द वाचता येत होते, अर्थ पोचत नव्हता. मग आम्ही पाढे बाजूला ठेवले आणि रोज एक उदाहरण गोष्ट म्हणून सांगायला सुरुवात केली. अजून सगळी बरोबर येत नाहीत, पण दहापैकी पाच-सहा येतात.

तुमच्या वर्गातही असं एखादं मूल असेल. उपचार ठरवण्याआधी त्याला एकदा विचारून बघा, नेमकं कधी अडतं? आणि काय उत्तर मिळालं ते आम्हालाही जरूर कळवा.