सर रामनाथ चोप्रा : एका संशोधक चिकित्सकाची कारकीर्द आणि आपले कर्तव्य

आधुनिक काळात भारतीय वनौषधींचा अभ्यास ज्यांच्या नावावाचून पुरा होत नाही, अशा मोजक्या व्यक्तींमध्ये ब्रेव्हेट कर्नल सर रामनाथ चोप्रा यांची गणना करावी लागेल. ते वैद्य नव्हते. त्यांचे शिक्षण सर्वस्वी पाश्चात्य वैद्यकाचे झाले होते. तथापि आपल्या फार्मसीची परवानापद्धती, आपल्या पदवीशिक्षणाची चर्चा आणि आपल्या द्रव्यांचे प्रमाणीकरण या तिन्ही विषयांच्या मुळाशी गेल्यास त्यांचे कार्य आढळते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही त्यांच्या कारकिर्दीचा आढावा घेऊन त्यातून वैद्यांनी व औषधी-निर्मात्यांनी काय घ्यावे, याचा विचार करीत आहोत.

शिक्षण व प्रारंभीची सेवा

चोप्रा यांचा जन्म 1882 मध्ये पंजाबातील गुजरांवाला येथे झाला. लाहोर येथील शिक्षणानंतर ते केंब्रिजला गेले. तेथे डब्ल्यू. ई. डिक्सन या औषधिक्रियाविज्ञानाच्या अध्यापकांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. द्रव्याची शरीरावरील क्रिया मोजून पाहता येते, हा संस्कार त्यांना येथेच मिळाला. 1908 मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धात त्यांनी पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर सेवा केली.

कलकत्त्याची दोन दशके

1921 मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन या नव्या संस्थेत त्यांची औषधिक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून नियुक्ती झाली. या संस्थेची रचना लक्षात घेण्यासारखी आहे. रसायनशाळा, प्राण्यांवरील प्रयोगांची सोय आणि कार्मायकल हॉस्पिटल फॉर ट्रॉपिकल डिसीजेस हे रुग्णालय, ही तिन्ही अंगे तेथे एकत्र होती. द्रव्याची ओळख पटविणे, त्याचे रासायनिक विश्लेषण करणे, प्राण्यांवर क्रिया पाहणे आणि अखेरीस रुग्णशय्येजवळ पडताळणे, असा क्रम तेथे चालत असे. कुटज, पुनर्नवा, बाकुची, इसबगोल, हिमालयातील एफेड्रा इत्यादी अनेक द्रव्यांचा अभ्यास तेथे या पद्धतीने झाला. पुढे चोप्रा या संस्थेचे संचालक झाले व 1941 मध्ये निवृत्त होईपर्यंत त्या पदावर होते. त्यांचे शिष्य बी. मुखर्जी हे नंतर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेचे संचालक झाले. स्वतःचे संशोधन करणे आणि संशोधन करणारी पिढी घडविणे ही दोन कामे भिन्न आहेत. चोप्रा यांनी दोन्ही साधली.

1933 मध्ये त्यांचा ‘इंडिजिनस ड्रग्ज ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. औषधांच्या बाबतीत देश स्वावलंबी व्हावा, परंपरेतील गुणकारी द्रव्ये परीक्षणपूर्वक सर्व चिकित्सकांच्या हाती यावीत आणि औषध गरिबाला परवडावे, ही त्यांच्या कार्याची उद्दिष्टे होती. हेतू पाहता ही उद्दिष्टे आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही.

सर्पगंधेचे उदाहरण

सर्पगंधेचा इतिहास प्रत्येक वैद्याने जाणून घ्यावा असा आहे. 1931 मध्ये कविराज गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांवर या मुळाचा उपयोग होत असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दिल्लीच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेजात सिद्दिकी यांनी तिच्यातील अल्कलॉइडे वेगळी केली व त्यांपैकी एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. 1933 मध्ये चोप्रा, गुप्ता व मुखर्जी यांनी तिची क्रिया प्रयोगाने दाखविली. 1949 मध्ये मुंबईचे हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 रुग्णांवरील आपला अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला आणि जगाचे लक्ष या द्रव्याकडे वेधले. 1952 मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले.

या साखळीत पहिला दुवा वैद्याचा आहे. अखेरचा दुवा मात्र परदेशी कंपनीचा झाला. मधली वर्षे आपल्या देशात प्रमाणित द्रव्य, एकसारखी मात्रा आणि रुग्णांच्या व्यवस्थित नोंदी यांचा मेळ मोठ्या प्रमाणावर बसला नाही, हेच याचे एक कारण असावे असे आम्हांस वाटते.

औषध चौकशी समिती

1930 मध्ये सरकारने चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली औषध चौकशी समिती नेमली. देशभर निकृष्ट व बनावट औषधांचा सुळसुळाट असल्याचे या समितीस आढळले. तिने 1931 च्या अहवालात कायदा, परीक्षण प्रयोगशाळा आणि औषधनिर्मितीचे स्वतंत्र शिक्षण यांची शिफारस केली. त्यातूनच पुढे 1940 चा औषध कायदा झाला. आयुर्वेदीय औषधांसाठीचे स्वतंत्र प्रकरण या कायद्यात 1964 च्या दुरुस्तीने आले आणि 2000 मध्ये शेड्यूल ‘टी’ने उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम घातले. 2021 पूर्वी परवान्याच्या नूतनीकरणास त्रास होतो, अशी तक्रार आपण वारंवार ऐकत होतो. पण या नियमांच्या मुळाशी रुग्णाची फसवणूक थांबविण्याचा हेतू होता, हे विसरता कामा नये.

1946 मध्ये देशी चिकित्सापद्धतींविषयी नेमलेल्या समितीचेही ते अध्यक्ष होते. ‘चोप्रा समिती’ म्हणून आपण जिचा उल्लेख करतो ती हीच. 1948 च्या तिच्या अहवालात देशी व पाश्चात्य पद्धतींच्या समन्वयाचा पुरस्कार होता. शुद्ध आयुर्वेदाचे पुरस्कर्ते व मिश्र अभ्यासक्रमाचे समर्थक यांच्यातील वाद पुढे बराच काळ चालला.

निवृत्तीनंतरही ते स्वस्थ बसले नाहीत. जम्मू-काश्मीरमध्ये त्यांनी औषधी संशोधन प्रयोगशाळा उभारली. तिचाच पुढे विस्तार होऊन आजची जम्मूची भारतीय समवेत औषध संस्था झाली. 1956 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह ‘ग्लॉसरी ऑफ इंडियन मेडिसिनल प्लांट्स’ हा ग्रंथ सिद्ध केला. 1973 मध्ये त्यांचे निधन झाले.

एक आक्षेप

चोप्रा यांनी द्रव्यातील एकेक कार्यकारी घटक शोधला. रस, वीर्य, विपाक, प्रभाव आणि संस्कार यांचा विचार त्यांच्या पद्धतीत नाही, असा आक्षेप अनेक वैद्य घेतात. आक्षेप यथार्थ आहे. सर्पगंधेचे मूळ आणि रिसर्पिन एक नव्हे. परंतु या आक्षेपाच्या आडून आपण परीक्षणच टाळणार असू, तर ते चरकसंहितेच्या विचाराशीही सुसंगत नाही. आप्तोपदेशाबरोबर प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती यांनाही तेथे प्रमाणाचे स्थान आहे. रिसर्पिनच्या मोठ्या मात्रेने काही रुग्णांना विषाद जडतो, हे 1950 च्या दशकात लक्षात आले. ‘वनस्पती आहे, अपाय होणार नाही’ या समजुतीवर विसंबणाऱ्या चिकित्सकाने हे ध्यानात ठेवावे.

व्यवहारात काय करावे

सर्पगंधेच्या नावाखाली बाजारात रौवोल्फियाच्या इतर जातींची मुळे व खोडाचे तुकडे मिसळलेले आढळतात. एका व्यापाऱ्याकडून आलेल्या पोत्यात खोडाचेच तुकडे अधिक निघाल्याचे आम्ही स्वतः पाहिले आहे. अल्कलॉइडांचे प्रमाण मुळाच्या सालीत सर्वांत अधिक असते. साहजिकच असे चूर्ण दिल्यास एकाच मात्रेचे फल प्रत्येक वेळी निराळे दिसते आणि दोष मात्र शास्त्राला लागतो. यास्तव पुढील गोष्टी पाळाव्यात, असे आम्ही सुचवितो.

1. कच्चा माल मागविताना शास्त्रीय नाव व प्रयोज्यांग मागणीपत्रावर लिहावे. केवळ बाजारी नावावर विसंबू नये.

2. प्रत्येक खेपेचा नमुना तारखेसह बंद बाटलीत जपून ठेवावा. शंका आल्यास तोच पुरावा होतो.

3. वैद्याने केसपेपरवर औषधाचा बॅच क्रमांक लिहावा. गुण आला नाही वा उपद्रव झाला, तर कारण द्रव्यात आहे की निदानात, हे त्यावरून शोधता येते.

4. सर्पगंधा देण्यापूर्वी व देत असताना रक्तदाब मोजून नोंदवावा. रुग्ण रक्तदाबाची आधुनिक औषधे घेत आहे काय, हे विचारावे. विषाद, आमाशयव्रण व गर्भावस्था असल्यास ती टाळावी.

5. ज्या रुग्णांत फल मिळाले नाही, त्यांचीही नोंद ठेवावी. केवळ यशाच्या कथांनी शास्त्र पुढे जात नाही.

एकट्या वैद्याच्या वहीतील 10 नोंदी फारसे सांगत नाहीत. पण एका जिल्ह्यातील 20 वैद्यांनी एकाच पद्धतीने, एकाच प्रमाणित द्रव्यावर नोंदी ठेवल्या, तर त्यांना वजन येते. चोप्रा यांच्याजवळ संस्था होती. आपल्याजवळ रुग्ण, परंपरा व संघटना आहे. सर्पगंधेच्या साखळीतील पहिला दुवा वैद्याने दिला होता. पुढचे दुवेही आपल्या हातून घडावेत, अशी अपेक्षा व्यक्त करून आम्ही हा लेख पुरा करतो.