आकडा बदलला आणि दुसरीचीच पावती उघडली!

प्रश्न : क्लासची फी ऑनलाइन भरून पावती उघडली. वेबपत्त्याच्या शेवटी पावतीचा क्रमांक होता. सहज एक आकडा बदलला, तर दुसऱ्याच मुलीची पावती तिच्या मोबाइल नंबरासकट समोर आली! हे हॅकिंग झालं का? कळवू की गप्प बसू?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : जरूर कळवा, पण बेतानं. तुम्ही लॉगिन केलंय एवढंच क्लासच्या साइटचा सर्व्हर पाहतो; मागितलेली पावती तुमचीच आहे का, हे तपासतच नाही. वॉचमननं गेटातून आत सोडलं म्हणून कुठल्याही फ्लॅटची किल्ली हाती द्यावी, तसा हा प्रकार. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवास्प’ संस्थेच्या २०२१च्या धोक्यांच्या यादीत परवानगी तपासण्यातली ही ढिलाई पहिल्या क्रमांकावर आहे.

बड्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेतल्या ‘फर्स्ट अमेरिकन’ या मालमत्तेच्या मालकीहक्काचा विमा उतरवणाऱ्या कंपनीच्या साइटवर असाच आकडा बदलला की परक्यांची घरखरेदीची कागदपत्रं दिसत. त्यात बँक खात्यांचे तपशीलही होते. अशी सुमारे ८८.५ कोटी कागदपत्रं उघडी पडल्याचं मे २०१९मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी जाहीर केलं. कंपनीच्याच सुरक्षा विभागाला ही चूक जानेवारीतच सापडली होती, पण ती दुरुस्त झाली नाही आणि वरिष्ठांच्या कानावरही गेली नाही. पुढे २०२१मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकानं कंपनीला पावणेपाच लाख डॉलरहून अधिक दंड केला.

आता तुमची बाजू. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३नुसार मालकाच्या परवानगीविना संगणकातली माहिती मिळवल्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच अप्रामाणिक हेतूनं केलं तर कलम ६६खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून आणखी क्रमांक टाकून पाहू नका. पुन्हा खात्री करायचीच झाली, तर ती साइट चालवणाऱ्यांनाच करू द्या.

क्लासला ईमेल पाठवा. कोणत्या पानावर, किती वाजता, काय केल्यावर काय दिसलं, हे क्रमवार लिहा. स्क्रीनशॉट जोडायचा तर त्या मुलीचं नाव आणि नंबर झाकून. मैत्रिणींच्या ग्रुपवर तो टाकू नका. ‘बक्षीस दिलंत तरच सांगते’ असंही लिहू नका. ती खंडणी वाटू शकते. काही कंपन्या अशा चुका दाखवणाऱ्यांना आपणहून पैसे देतात, पण त्यांचे नियम आधीच जाहीर असतात. मोठ्या साइटवर ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाची फाइल असेल, तर कळवायचा पत्ता तिच्यात मिळतो.

उत्तर आलं नाही, तर केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेकडे तक्रार करा. असे दोष कळवण्याची सोय तिथे आहे. पाठवलेल्या ईमेलची प्रत मात्र जपून ठेवा. तुमच्या प्रामाणिक हेतूचा तोच पुरावा.