डोंगरावरून खाली उतरताना

शास्त्रपाठ : मार्क ९:२-२९, लूक ९:२८-४३



इंदूरहून महूमार्गे सुमारे ४५ किलोमीटरवर विंध्य रांगेत जानापाव नावाचा डोंगर आहे. त्याची उंची सुमारे ८५४ मीटर. वरपर्यंत गाडीरस्ता आहे. तरी पावसाळ्यात रानातली पायवाट चढण्याचा आनंद निराळाच. चंबळ नदीचा उगम याच डोंगरात होतो.

एका श्रावणात आमच्या तरुण संघाला घेऊन मी तेथे गेलो. सर्वांत पुढे मीच होतो. गीते गात आम्ही माथा गाठला. खाली ढग, चहूकडे हिरवेगार रान! प्रार्थना झाली. येथेच दिवस काढावा असे सर्वांना वाटले. तेवढ्यात कोणीतरी मोजदाद केली. एक मुलगा कमी होता.

धावत उतरलो. अर्ध्या वाटेवर तो एका दगडावर बसला होता. त्याला धाप लागली होती, ओठ सुकले होते. तो म्हणाला, "काका, मी हाका मारल्या. तुम्ही गात होता."

त्या रात्री मला झोप आली नाही. दिवा लावून मी मार्काचा नववा अध्याय उघडला.

१. प्रभू आपल्याला वर नेतो. पेत्र, याकोब व योहान यांना त्यानेच उंच डोंगरावर नेले. म्हणून एकांत, उपासना व प्रार्थना यांना कमी लेखू नये. लूक सांगतो की प्रभू तेथे प्रार्थनेसाठीच गेला होता.

२. वर मुक्काम करायचा नाही. पेत्राला तीन मंडप उभारावेसे वाटले. काय बोलावे हे त्याला कळत नव्हते, असे मार्क लिहितो. मेघातून वाणी झाली ती पुत्राचे ऐकण्याविषयी. मंडपांविषयी एक शब्दही नाही.

३. पायथ्याशी कोणीतरी वाट पाहत असतो. तेथे एक बाप आपल्या पीडित मुलाला घेऊन उभा होता. शिष्य हतबल झाले होते. प्रभूने मुलाला बरे केले आणि अशा कामाला प्रार्थना लागते, हे शिष्यांना सांगितले. वरची प्रार्थना आणि खालची सेवा यांची फारकत करता येत नाही.

त्या डोंगराचे नाव शास्त्रात नाही. परंपरेने ताबोर मानतात. पुष्कळ अभ्यासक हर्मोन म्हणतात. हर्मोनचे बर्फ वितळून मुरते आणि पायथ्याच्या झऱ्यांतून यार्देनला मिळते. आपल्या जानापावची चंबळही उत्तरेकडे वाहत यमुनेला मिळते. पाणी माथ्यावरच अडून राहिले असते, तर खालची शेते कोरडी राहिली असती.

बंधूंनो, आपली उपासना रंगात येते तेव्हा मागे राहिलेल्याची हाक आपल्याला ऐकू येते काय? आता डोंगर चढताना मी सर्वांच्या मागे चालतो. सर्वांत हळू चालणाऱ्याची चाल हीच आमची चाल असते. माथा थोडा उशिरा येतो. पण सगळे येतात.

मननासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीत गेल्या काही महिन्यांत कोण मागे पडले आहे?
२. या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला वर नेतोस म्हणून तुझे आभार. खाली उतरतानाही आमच्याबरोबर चल. आमेन.