मागव गं, पण दार सांभाळ (मे २०२१ मध्ये बहिणीला लिहिलेलं)

मागव. आधी उत्तर देऊन टाकते, म्हणजे उगाच जिवाला घोर नको. घरात सगळ्यांचं सगळं करून तू थकली आहेस. भाऊजी खमरियाच्या फॅक्टरीतून पाळी संपवून येतात, सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभं राहवत नाही, धाकट्याची शाळा मोबाइलवर चालते आणि मध्येच त्याला भूक लागते. अशात एका संध्याकाळी बाहेरून जेवण मागवावंसं वाटलं तर त्यात गुन्हा कसला? पण काल फोनवर तू आवाज बारीक करून विचारलंस, "ताई, पार्सलमधून घरात कोरोना आला तर? सगळे मलाच बोल लावतील." तो प्रश्न मला रात्रभर टोचत राहिला. म्हणून आज सगळं सविस्तर सांगते. नीट ऐक आणि मग तुझं तू ठरव.

पहिलं, तुझी भीती वेडेपणाची नाही. मध्य प्रदेशातले पहिले चार रुग्ण आपल्या जबलपुरातच सापडले, २० मार्च २०२० ला. तिघं दुबईहून परतलेले, एकाच घरातले, आणि चौथा जर्मनीहून आलेला. तोवर हा आजार आपण टीव्हीवर पाहत होतो, तो एकदम गावात आला. त्याच सुमाराला अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, की हा विषाणू पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिक-स्टीलवर तीन दिवसांपर्यंत तग धरतो. झालं! दुधाची पिशवी साबणाने धुणं सुरू झालं, वर्तमानपत्रं बंद झाली, भाजी गच्चीवर उन्हात पसरली गेली. पुढे एप्रिलमध्ये दक्षिण दिल्लीत पिझ्झा पोचवणारा एक मुलगा पॉझिटिव्ह निघाला आणि ७२ कुटुंबांना घरात बसवलं गेलं. ती बातमी ऐकल्यावर डबा उघडायला कुणाचा हात धजावणार?

पण त्या बातमीचा पुढचा भाग फारसा कुणी वाचला नाही. पिझ्झा पोचवणाऱ्या त्या मुलाबरोबर काम करणाऱ्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. आणि त्या अभ्यासातही प्रयोगशाळेत मुद्दाम भरपूर विषाणू टाकून, ठरावीक तापमानात तो किती वेळ टिकतो हे पाहिलं होतं. पिशवीला हात लावून किती माणसं आजारी पडतात, हे त्यात मोजलेलंच नव्हतं. वर्षभर जगभर पाहणी झाल्यावर अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. अन्नातून हा आजार पसरतो असा पुरावा नाही, हे तर जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे. विषाणू डाळीत किंवा भाजीत वाढत नाही, त्याला वाढायला जिवंत शरीर लागतं. शिवाय तो उष्णतेने मरतो. उकळी फुटलेल्या भाजीत तो टिकत नाही.

मग तो येतो कुठून? श्वासातून. हे मनात पक्कं कर, कारण बाकी सगळी काळजी त्यावर बेतायची आहे. बंद खोलीत उदबत्ती लावली की धूर कोपऱ्याकोपऱ्यात भरतो, खिडकी उघडली की निघून जातो. बोलताना, खोकताना तोंडातून जे बारीक कण उडतात त्यांचंही तसंच असतं. तेव्हा तुझ्या घराला धोका असलाच तर तो पार्सलच्या डब्यात नाही. दारात उभं राहून, मास्क हनुवटीवर ओढून, सुट्ट्या पैशांवरून चाललेल्या दोन मिनिटांच्या बोलण्यात तो आहे.

म्हणून दार सांभाळायचं, ते असं. फाटकाच्या आत एक स्टूल ठेव. ऑर्डर देतानाच लिही, "पार्सल स्टुलावर ठेवा, फोन करा." पैसे आधीच मोबाइलवरून भर, म्हणजे नोटा आणि मोड यांची देवघेव नको. फोन आला की तू मास्क लाव, तो चार पावलं मागे सरकला की पुढे हो, आणि मोकळ्या हवेतच पिशवी घे. धाकट्याला धावत पुढे जाऊ देऊ नकोस. पिशवी ओट्यावर न ठेवता मोरीजवळ उघड, आतलं अन्न आपल्या भांड्यांत काढ, डबे-पिशव्या थेट कचऱ्यात टाक आणि हात साबणाने वीस सेकंद चोळून धू. मग जेवायला बसा. डब्यांवर सॅनिटायझर फवारू नकोस, त्याची गरज नाही. भाजी-फळांना साबण किंवा फिनेल तर चुकूनही लावायचं नाही, ते पोटात जातं. भाजी-फळांना वाहतं स्वच्छ पाणी पुरतं. आणि सॅनिटायझर चोळलेले ओले हात घेऊन गॅस पेटवू नकोस, त्यातला अल्कोहोल भक्कन पेट घेतो.

आता ज्याची मला खरी धास्ती वाटते ते सांगते. तू कोरोनाला घाबरते आहेस आणि मी तुमच्या पोटांना. हा जबलपूरचा मे महिना आहे, दुपारी बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंश सहज असतं. शिजलेलं अन्न ५ ते ६० अंशांच्या मध्ये राहिलं की त्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. एरवी शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये म्हणतात. हवा ३२ अंशांच्या वर गेली की ती मुदत एका तासावर येते. आता हिशोब कर. हॉटेलात भांड्यात पडून राहिलेलं पनीर, त्यावर क्रीम, मग स्कूटरवरची काळी पिशवी, मग सगळे जमेपर्यंत तुझ्या टेबलावर गेलेला वेळ. आणि भात! भातातल्या एका जिवाणूचं विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. उरलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला आणि सकाळी फोडणी दिली, तर फोडणीचा वास छान येईल, पण विष तसंच राहील.

एरवी उलट्या-जुलाब झाले तर एक सलाइन लावून माणूस घरी येतो. आज मेडिकल कॉलेजात आणि खासगी दवाखान्यांत खाटेसाठी लोक कसे वणवण करताहेत ते तू पाहतेच आहेस. सासूबाईंना जुलाबांमुळे दवाखान्यात न्यावं लागलं, तर कोरोनाच्या गर्दीत आपण होऊन शिरल्यासारखं होईल. म्हणून मागवायचं ते ऊन उतरल्यावर आणि जवळून. तळलेलं, भाजलेलं, वाफाळतं असं काही निवड. क्रीम, मेयोनीज, कापलेली फळं, कच्चा कांदा-कोबी, हिरवी चटणी आणि उघड्या बर्फाचं सरबत आत्ता नको. पार्सल आलं की डाळ, भाजी, रस्सा पातेल्यात ओतून खळखळ उकळी येऊ दे. नुसतं कोमट करून भागत नाही. पोळ्या तव्यावर दोन्हीकडून शेक. भात घरीच लाव, कुकरला वीस मिनिटं लागतात. उरेल ते लगेच फ्रिजमध्ये ठेव, आणि शंका आली तर फेकून दे. शंभर रुपयांच्या भाजीसाठी कुणाच्या पोटाची परीक्षा घ्यायची नाही.

हे सगळं पाळून काय मागवायचं, तर इंडियन कॉफी हाऊस उघडं असेल तर गरम डोसा मागव, त्यांची चटणी बाजूला ठेवून घरची ताजी कर. ते हॉटेल कामगारांच्या सहकारी संस्थेचं आहे, तुझे पैसे थेट राबणाऱ्या हातांत जातात. धाकट्याचा वाढदिवस येईल तेव्हा कमानिया गेटची खव्याची जिलबी मागव, घरात एक दिवस तरी सण झाला असं वाटू दे. मात्र कोरोना कर्फ्यूचे आदेश जिल्हा प्रशासन काढतं आणि ते बदलत राहतात. घरपोच सेवेला मुभा आहे ना, किती वाजेपर्यंत आहे, ते त्या दिवशीच्या आदेशात पाहून घे. ओळखीच्या दुकानदाराला "शटर अर्धं उघडून द्या ना भैया" असं म्हणायचं नाही. दंड त्याला होतो आणि गर्दीही तिथेच जमते.

दारात येणाऱ्या त्या मुलाचाही विचार तुझ्या मनात आहे, हे मला माहीत आहे. "आपण घरात बसायचं आणि त्याने गावभर फिरायचं, हे बरं दिसतं का?" असं तू म्हणालीस. हा प्रश्न तुला पडतो याचा मला अभिमान वाटतो. त्याचा धोका तुझ्यापेक्षा जास्त आहेच. तू दिवसाला एका माणसाला सामोरी जातेस, तो कितीतरी दारांत जातो. पण ऑर्डर आली नाही तर त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, हेही तितकंच खरं. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली, तिच्यात अशा कामगारांचा उल्लेख पहिल्यांदा झाला, पण मे २०२१ पर्यंत तरी ती लागू झालेली नव्हती. म्हणून त्याला जपणं आपल्याकडे आहे. त्याला दुपारच्या उन्हात बोलावू नकोस. दोन दिवसांत तीन वेळा थोडंथोडं मागवण्यापेक्षा एकदाच पुरेसं मागव. स्टुलावर पाण्याची सीलबंद बाटली ठेव. जमेल तेवढी बक्षिसी मोबाइलवरूनच दे. उशीर झाला म्हणून एक तारा देऊ नकोस, त्याने त्याचं पुढचं काम अडू शकतं. आणि घरात कुणाला साधी कणकण असली तरी फोनवर स्पष्ट सांग, "घरात आजारी आहे, फाटकाबाहेरच ठेव." लाजून लपवलंस तर ते त्याच्या जिवावर बेतेल.

कधी मागवायचं नाही, तेही सांगते. घरात सगळे धडधाकट आहेत, फ्रिज भरलेला आहे आणि केवळ कंटाळा आला, तर रोज रोज मागवू नकोस. पैशाचंही पाहायला हवं, हे दिवस कुणाचा पगार कधी कापतील सांगता येत नाही. आणि कुणी पॉझिटिव्ह आलंच तर हॉटेलचं मसालेदार जेवण कामाचं नाही. चव गेलेली असते, घसा धरलेला असतो. मऊ भात, वरण, लिंबू, ताक, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं, एवढंच पोटात जातं. तेव्हा गल्लीतल्या टिफिनवाल्या काकूंना विचार, मंडळातल्या ओळखींना फोन कर. कोरोनाच्या या लाटेत कितीतरी घरांतून आजाऱ्यांसाठी डबे निघताहेत, मागायला संकोच करू नकोस. मात्र डबा देणारीला आधीच सांग, की भांडं परत मिळणार नाही, वापरून फेकायच्या डब्यात द्या. आणि आजाऱ्याचं उष्टं कुणी खायचं नाही, मग ते आईचं मन कितीही म्हणो.

आता शेवटची गोष्ट, जी तू विचारली नाहीस. तुला भीती कोरोनाची आहे, त्याहून जास्त भीती बोलणी खाण्याची आहे. "घरात बाई असताना बाहेरचं कशाला?" हे वाक्य आपण दोघी लहानपणापासून ऐकत आलो. सरकारच्याच २०१९ च्या पाहणीत निघालं, की घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटं. ही टाळेबंदीच्या आधीची गोष्ट. आता तर कामवाल्या मावशी येत नाहीत, सगळे चोवीस तास घरी आहेत, आणि दर दोन तासांनी कुणीतरी "काय आहे खायला?" विचारतं. एवढं ओझं एका शरीरावर टाकून ते शरीर आजारी पडलं, तर घर कोण ओढणार? तुझी झोप, तुझं वेळेवर जेवण हेही या घराच्या औषधपाण्यातच धरायला हवं.

म्हणून एकटीने, चोरून मागवू नकोस. आज रात्री भाऊजी आणि सासूबाई दोघांसमोर बस आणि सांग, "आठवड्यातून एक संध्याकाळ मी स्वयंपाक करणार नाही. त्या दिवशी मागवू. पार्सल घ्यायचं, उकळायचं आणि भांडी घासायची, हे तुमच्याकडे." विषाणूबद्दल मी लिहिलंय ते वाचून दाखव हवं तर. सासूबाई शहाण्या आहेत, त्यांनीही आयुष्यभर चूल सांभाळली आहे, त्यांना थकवा म्हणजे काय ते कुणी समजवायला नको. आणि पुढे घरात कुणाला ताप आलाच, तर तो तुझ्या पार्सलमुळे आला असं कुणी म्हणायचं नाही, तूही मनात आणायचं नाही. सरळ चाचणी करायची, ऑक्सिमीटर लावायचा आणि डॉक्टरांना फोन करायचा. दोष शोधत बसण्यात जो दिवस जातो, तो दिवस या आजारात फार महाग पडतो. तेव्हा ऑक्सिमीटर आजच काढून ठेव, सेल आहेत ना ते बघ, आणि शुक्रवारी काय मागवायचं ते सासूबाईंना विचार.