लहान इंजिनाची मोटारसायकल

हीरो होंडाची सीडी १०० ही मोटारसायकल १९८५ साली आली. इंजिन अवघे ९७ सीसीचे. नळकांड्यात दट्ट्या वरखाली होतो. एका खेपेत तो जेवढी जागा मोकळी करतो, ते माप सीसीत सांगतात. ९७ सीसी म्हणजे चहाचा लहानसा कप!

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत थोडे पेट्रोल न जळताच धुराबरोबर निघून जाई. हिच्या दट्ट्याच्या खेपा चार. पहिलीत पेट्रोल-हवा आत येते, दुसरीत दाबली जाते, तिसरीत पेटते, चौथीत धूर बाहेर. म्हणून पेट्रोल वाचतं.

जोर मात्र बेताचा, बरं का. अशा गाडीवर चौघे बसलेले आम्ही पाहतो, वर पोतं! मग चढावर गाडी दमते, उतारावर लवकर थांबत नाही. अन् नावं इंजिनाला! १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने चालवणाऱ्याच्या मागे एकालाच मुभा आहे.