डोंगरावरून खाली
शास्त्रभाग : मार्क ९:२-२९

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये अँबलसाइड गावातून निघून त्याच गावी परत येणारी एक प्रसिद्ध डोंगरफेरी आहे. वाट घोड्याच्या नालासारखी आहे. नॅब स्कार, हेरन पाइक, ग्रेट रिग ही शिखरे चढत ती ८७३ मीटर उंचीच्या फेअरफील्डवर पोचते आणि दरीच्या दुसऱ्या धारेने डव्ह क्रॅगवरून उतरते. आकाश निरभ्र असले तर माथ्यावरून चोहोकडे डोंगर व सरोवरे दिसतात. पण माथा सपाट व रुंद आहे. धुके आले की दिशा कळत नाही, आणि उत्तरेला तुटलेले कडे आहेत. म्हणून जाणता वाटसरू उजेड आहे तोवर खाली उतरतो.

पेत्राला मात्र उतरावेसे वाटेना. प्रभूचे तेजस्वी रूप पाहून तो तेथेच तीन मंडप करू म्हणाला. मंडप झाले नाहीत. पायथ्याशी एक बाप आपल्या पीडित मुलाला घेऊन उभा होता, आणि खालच्या शिष्यांचे काही चालत नव्हते. प्रभू खाली उतरला, त्या मुलाला त्याने बरे केले, आणि असले काम प्रार्थनेवाचून होत नाही असे शिष्यांना सांगितले.

तेव्हा डोंगर हवाच, पण उतरण्यासाठी. प्रार्थनासभेहून परतल्यावर घर तेच, अडचणी त्याच दिसतात. म्हणून वर जाणे व्यर्थ गेले असे समजू नये. आपली सेवा तेथेच आहे.

प्रश्न : आपल्या मंडळीच्या पायथ्याशी आज कोण वाट पाहत उभे आहे?