साडेआठचं रीडिंग

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ‘पर्जन्यमापक’ हा शब्दच नव्हता. तिथे तो ‘रेन गेज’ होता, आणि तोही फक्त जॉग्रफीच्या पुस्तकातल्या चित्रात! खराखुरा पर्जन्यमापक मी पहिल्यांदा पाहिला तो आबांच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या अंगणात. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडेच राहते. आबांनी वेधशाळेत कधी नोकरी केलेली नाही. पण रोज सकाळी साडेआठ वाजता ते वही घेऊन मागच्या दारी जातात. पाऊस असो, नसो.

साडेआठच का? कारण आपल्याकडे हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ असा धरतात. म्हणजे काल दिवसभर कोसळलेला पाऊस आजच्या तारखेला लागतो. मला हे आधी फारच विचित्र वाटलं होतं. पण सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं तरच आकडे शेजारी-शेजारी ठेवता येतात ना!

आबांचं यंत्र म्हणजे एक नरसाळं आणि एक बाटली. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास १२ सेंमी, म्हणजे क्षेत्रफळ साधारण ११३ चौ. सेंमी. त्यावर १ मिमी पाऊस पडला तर बाटलीत ११.३ मिली पाणी जमतं. त्यामुळे जमलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं आणि ११.३ ने भागायचं, बस्स. (फर्स्ट इयरला याहून भयंकर गणितं केलीत आपण.) नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंमी वर आहे. खात्याच्या पर्जन्यमापकाचीही तेवढीच असते, कारण खाली ठेवलं तर जमिनीवरचे शिंतोडे उडून आत जातात आणि उगाचच जास्त पाऊस दिसतो. भिंत किंवा झाड जितकं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर यंत्र हवं. आबांचा आंबा या नियमात बसत नव्हता. आंबा राहिला, यंत्र हललं.

आता तुम्ही म्हणाल, शहरात वेधशाळा असताना हा उद्योग कशाला? २६ जुलै २००५ आठवा. (आपण तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घरोघरी ती गोष्ट ऐकलेली आहे.) २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला सुमारे ७३ मिमी. अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर! फक्त कुलाब्याचा आकडा वाचणाऱ्याला त्या दिवशी काय झालं ते कळलंच नसतं.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सला २८ जुलै १९९७ ला असाच पूर आला आणि पाच माणसं गेली. गावाच्या पश्चिमेला १४ इंचांहून जास्त पाऊस आणि पूर्वेला दोन इंचही नाही. अधेमधे किती पडला ते शोधायला लोकांच्या परसातल्या नोंदी गोळा कराव्या लागल्या. त्यातूनच १९९८ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी ‘कोकोरॉझ’ नावाचं स्वयंसेवकांचं जाळं सुरू केलं. साधं प्लॅस्टिकचं पर्जन्यमापक आणि रोजचं एक रीडिंग. पाऊस पडला नाही तर शून्यही कळवा, असा त्यांचा आग्रह असतो.

या शून्याची किंमत मला जुलैमध्ये कळली. आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मामाकडे गेले आणि वही माझ्या ताब्यात आली. गुरुवारी युनिट टेस्ट होती. शुक्रवारी झोप. शनिवारी पाहिलं तर बाटलीत २६० मिली, म्हणजे २३ मिमी. मग मी तेच केलं जे आपण सगळे जर्नलमध्ये करतो. गुरुवार ९, शुक्रवार ६, शनिवार ८. कर्व्ह एकदम स्मूथ!

आबा परत आले. काळा चष्मा कपाळावर सरकवून माझे आकडे त्यांच्या सुवाच्य अक्षरात पक्क्या वहीत उतरवायला लागले. ‘‘शुक्रवारीही सहा? बरा झाला की गं पाऊस,’’ म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वास ठेवला होता. मी सगळं सांगून टाकलं.

आबांनी खोडरबर घेतलं नाही. तिन्ही आकड्यांवर एक-एक सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. गुरुवार-शुक्रवारपुढे आडवी रेघ काढली आणि शनिवारपुढे लिहिलं, ‘तीन दिवसांचा एकत्रित २३.०’.

‘‘रेघ का? शून्य नाही का चालत?’’ मी विचारलं.

‘‘अगं, शून्य म्हणजे मी बघितलं आणि पाऊस नव्हता. रेघ म्हणजे कुणी बघितलंच नाही. दोन्ही एक कसं होईल?’’

मग त्यांनी हिशेब दाखवला. २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’ मोजतात. माझ्या थापेमुळे असे तीन दिवस झाले होते. प्रत्यक्षात सगळा पाऊस कदाचित एका तासात पडला असेल. शेतकऱ्याला किंवा गटाराचं डिझाइन करणाऱ्याला (म्हणजे उद्या आपल्यालाच!) या दोन गोष्टी अगदी वेगळ्या.

पक्क्या वहीत त्या रेघा अजून आहेत. आबांचा डोळा आता बरा आहे, पण मोजपात्रातली पाण्याची पातळी मीच वाचते. पात्र सपाट जागी ठेवायचं, डोळे पातळीच्या रेषेत आणायचे आणि वळलेल्या पृष्ठभागाचा खालचा बिंदू वाचायचा. आबा शेजारी वही धरून उभे असतात. आज सकाळी त्यांना सांगितलं, ‘‘शून्य.’’ त्यांनी लिहिण्याआधी विचारलं, ‘‘बघितलंस ना?’’